विरोध झाला म्हणून सेवा खरी ठरत नाही, आणि खोटीही ठरत नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती प्रार्थनासभांवरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या जी चर्चा चालली आहे, ती मी लक्षपूर्वक वाचत आहे. एका वाचकाने लिहिले की, गावाला नको असतील तर अशा सभा घेणाऱ्यांनी गावाचा मान राखून त्या बंद कराव्यात. त्यांना उत्तर देणारे दुसरे वाचक बहुधा माझ्याच धर्मबांधवांपैकी असावेत. प्रभूने छळाची कल्पना आधीच देऊन ठेवली आहे, तेव्हा जितका विरोध अधिक तितके आमचे काम खरे, असे त्यांचे म्हणणे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात कोरडवाहू शेती करतो आणि रविवारी घराला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये जमणाऱ्या छोट्या मंडळीची सेवा करतो. त्या सेवेबद्दल मला कोठूनही पगार मिळत नाही. जे म्हणणे ज्याच्या अंगावर येते त्याने त्यावर बोलावे, या न्यायाने हे पत्र लिहीत आहे. मला ही दोन्ही पत्रे अपुरी वाटली, आणि खरे सांगायचे तर दुसरे अधिक.

गावाचा मान हा मुद्दा मी हलका मानत नाही. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहायचे आणि पेरणीच्या घाईत ज्यांच्या घरून तिफण मागून आणायची, त्यांना दुखवून कोणी सुखाने राहू शकत नाही. परंतु गाव म्हणजे नेमके कोण? चावडीजवळच्या पारावर बसून ठरवतात ते चार-सहा लोक गाव असतील, तर ज्या बाया रविवारी आमच्याकडे येऊन बसतात आणि सोमवारी पहाटे त्याच लोकांच्या वावरात निंदणाला जातात, त्याही गावच आहेत. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य व्यक्तीला दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, पण पारावरच्या बहुमताच्या अधीन नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मध्य प्रदेश आणि ओरिसा या राज्यांच्या धर्मांतरविषयक कायद्यांचा विचार करताना असेही स्पष्ट केले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यातून मिळत नाही. हा निकाल पुष्कळ ख्रिस्ती लोकांना टोचतो, मला मात्र टोचत नाही. कोणाचे मन पालटणे हे माझे काम आहे, असे माझ्या धर्मशास्त्रानेच मला कधी सांगितलेले नाही. ते देवाच्या हातचे. माझे काम सांगणे, सेवा करणे आणि विचारणाऱ्याला उत्तर देणे, तेही सौम्यतेने आणि आदराने, इतकेच आहे. त्यामुळे जो हक्क न्यायालयाने नाकारला तो मला नकोच होता, आणि जो मान्य केला तो मात्र मी कोणाच्या दटावणीने सोडणार नाही.

वाचकांपैकी अनेकांना ही सेवा म्हणजे रोज काय असते, याची कल्पना नसावी. कापूस वेचणीच्या दिवसांत सायंकाळी कोणाला फुरसत नसते, म्हणून आमचे आठवड्याचे वाचन रात्री जेवणानंतर एखाद्याच्या ओसरीवर होते. कोणाच्या पोराला कर्जमाफीचा अर्ज भरून हवा असतो, कोणाच्या नवऱ्याची दारू सुटलेली असते आणि तो पुन्हा गुत्त्याच्या वाटेला लागू नये म्हणून चार माणसांनी त्याच्याबरोबर बसायचे असते. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने केलेली सामूहिक आत्महत्या ज्या जिल्ह्याच्या स्मरणातून अजून गेलेली नाही, त्या जिल्ह्यात मालक गेल्यावर उरलेल्या घरात जाऊन नुसते बसणे, भाषण न करता बसणे, हेही मी माझ्या पाचारणाचाच, म्हणजे देवाने सोपवलेल्या कामाचाच, भाग मानतो. अशा घरी मी जात विचारत नाही आणि बायबलही आपण होऊन उघडत नाही. प्रार्थना करू का, असे विचारतो. नको म्हटले तर चहा घेऊन उठतो.

आता दुसऱ्या पत्राकडे वळतो, कारण त्यातील विचार आमच्या लोकांत फार पसरला आहे आणि तो मला धोक्याचा वाटतो. विरोध हा काही खरेपणाचा दाखला नव्हे. येशूचा शिष्य असलेल्या ज्या पेत्राने दुःख सोसणाऱ्या मंडळींना धीर दिला, त्यानेच आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात बजावले आहे की तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. म्हणजे विश्वासणाऱ्यावर येणारे प्रत्येक संकट ख्रिस्ताच्या नावासाठीच आलेले असते असे नाही, हे पहिल्या शतकातही ठाऊक होते. म्हणून वाट्याला आलेला विरोध आधी सुपात घेऊन पाखडावा लागतो. त्यात आपल्याच वागण्याचे खडे किती निघतात, ते पाहावे लागते.

ते खडे मी नाव न घेता सांगतो, कारण ते कोणा एका पंथाचे नाहीत. रात्री उशिरापर्यंत लाऊडस्पीकर लावून उपासना करायची आणि शेजाऱ्याने हरकत घेतली की सैतानाचा विरोध म्हणायचे, हा एक. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, आणि ते देवळाला, मशिदीला, विहाराला व आम्हांला सारखेच लागू आहेत. दुसरा खडा याहून मोठा आहे. 'चंगाई सभा' असा फलक लावून कर्करोगापासून मूल होण्यापर्यंत सगळ्याची हमी देणारे काही प्रचारक बाहेरून येतात, सभा उरकून निघून जातात, आणि मागे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. पण कायद्याचे सोडा. क्षयरोगाच्या गोळ्या किमान सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात, आणि प्रार्थना केली आहे, आता गोळ्या कशाला, असे म्हणणारा माणूस रोग्याच्या आणि त्याच्या घरातल्या लेकरांच्या जिवाशी खेळतो. पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रचारक पौल याचा सोबती लूक वैद्य होता, हे या मंडळींना कधी वाचायला मिळालेले दिसत नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना मीही करतो आणि देव ऐकतो असा माझा विश्वास आहे, परंतु प्रार्थना झाली की सरकारी दवाखान्याचा कागद मागून पुढची तारीख कोणती ते पाहतो.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या देवाविषयी बोलण्याची. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला आपल्या जुन्या घरातील देव्हारा पाहून काय वाटते, हे मला समजते. पण आईने पुजलेल्या टाकांविषयी तिच्यादेखत वेडेवाकडे बोलणे याला साक्ष म्हणत नाहीत, आणि त्यावरून घरात भांडण पेटले तर तो छळ नव्हे. इफिसमध्ये पौलाविरुद्ध मोठी दंगल झाली, तेव्हा तेथील नगराच्या अधिकाऱ्यानेच लोकांना सांगितले की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. विरोधकांच्या तोंडून अशी कबुली निघावी, इतके वागणे स्वच्छ असायला हवे. शेवटचा खडा मोबाईलचा आहे. सभेला विरोध होऊ लागला की कोणी तरी चित्रण करतो, त्यावर करुण संगीत चढवतो आणि ते देणग्या गोळा करणाऱ्यांच्या गटांत फिरू लागते. गावातल्या बाया त्यात ओळखू येतात, त्यांच्या सासरी ते पोचते, आणि चित्रण करणारा तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. अशा बाजाराला आमच्या शेडमध्ये मी जागा दिलेली नाही, म्हणून काही धर्मबांधव मला थंड म्हणतात.

हे सगळे बाजूला काढल्यावरही सुपात काही तरी उरते, आणि त्याविषयी पहिल्या पत्राच्या लेखकांनी शांतपणे विचार करावा. आमच्या जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ उमरीला मिशनचा दवाखाना आहे. तिकडे अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आहे. यवतमाळात १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत धर्मशिक्षणाची मोठी सेमिनरी होती. जुनी माणसे या संस्थांविषयी चांगले बोलतात, तेथील परिचारिकांच्या आठवणी काढतात. म्हणजे जखम धुणारा ख्रिस्ती माणूस गावाला चालतो. तोच सेवेमागचे कारण उघड सांगू लागला, किंवा संस्थेचा आधार नसलेल्या एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या घरात दहा माणसे घेऊन ते कारण वाचायला सुरुवात केली, की तो चालेनासा होतो. आमच्या बाबतीत असे झाले तेव्हा चक्कीवाल्याने आमच्या काही घरांचे दळण घेणे थांबवले. तो मनाने वाईट नाही, त्याच्यावरही दबाव होता. एका वेचणीच्या हंगामात मजुरांना आमच्या वावरात जाऊ नका असे सांगण्यात आले, आणि फुटलेली बोंडे झाडावरच लोंबत राहिली. त्यावर अवकाळी पाऊस पडल्याने कापूस पिवळा पडून भाव घसरला. यांपैकी कोणत्याही गोष्टीचा लाऊडस्पीकरशी किंवा चंगाईच्या फलकाशी संबंध नव्हता. आम्ही जे वाचतो ते वाचू नये, एवढीच मागणी होती.

तरीही सर्वांत कठीण विरोध पाराकडून येत नाही, तो घरातून येतो, आणि त्यात समोरचा माणूस पुष्कळदा प्रेमानेच बोलत असतो. पोळ्याचे उदाहरण देतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' असे त्यांना निमंत्रण देतात. मी बैल धुतो, खांदे शेकतो, शिंगे रंगवतो, त्या दिवशी त्यांना जुंपत नाही आणि पुरणपोळीही खाऊ घालतो. वर्षभर राबणाऱ्या जनावराचे उपकार मानायला माझ्या धर्माची कोणतीही आडकाठी नाही, उलट मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको अशी आज्ञाच आहे. तोरणाखाली मात्र पूजेसाठी मी बैल उभे करत नाही. माझे मोठे भाऊ, ज्यांनी वडिलांमागे मला शिकवले, ते एकदा माझ्या गोठ्यात येऊन म्हणाले, "तुया देवाले बैलाची पूजा चालत नाई, पन बैलाची कमाई चालते, असं कसं रे बापू?" याचे चटकन देता येईल असे चतुर उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो की, दादा, कमाई तुमच्या पोरांच्याही कामी येईल, पण हात मला एकापुढेच जोडता येतात. ते काही न बोलता गेले. त्यानंतर दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ आला, पण त्यातला देवापुढे ठेवलेला भाग त्यांनी मुद्दाम वेगळा काढला होता. वहिनींनी तसे सांगूनही धाडले. गावात दुर्गामंडळाची वर्गणी मागायला पोरे येतात तेव्हाही मी पूजेसाठी देत नाही, मंडळाच्या रक्तदान शिबिरासाठी देतो आणि रक्तही देतो. काहींना हे तडजोडीचे वाटते, काहींना हटवादीपणाचे. करिंथच्या मंडळीला पौलाने मूर्तीला दाखवलेल्या अन्नाविषयी लिहिताना जो बारकावा पाळला, आपल्या मोकळेपणाने दुसऱ्याला ठेच लागू नये याची जी चिंता वाहिली, ती वऱ्हाडातल्या एखाद्या गावात राहिल्यावरच नीट समजते.

हा धर्म बाहेरचा आहे, हे वाक्य मला पुष्कळदा ऐकावे लागते. त्यावर इतिहासाची लांबण लावण्याची ही जागा नाही, पण दोन माणसांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण त्यांचा आपल्या भागाशी संबंध आहे. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते; तेथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर त्यांच्या समाजाने बहिष्कार टाकला, हे सगळ्यांना माहीत असते. आपल्या चर्चेच्या दृष्टीने त्यापुढील भाग महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी तो धर्म लगेच स्वीकारला नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. दुसऱ्या बाजूला, ज्या मिशनमध्ये टिळकांनी काम केले तेथील पद्धतींशीही त्यांचे पुढे जुळेना, आणि १९१७ मध्ये ते मिशनच्या कामातून मोकळे होऊन 'देवाचा दरबार' ही येशूभक्तांची संगत उभारायच्या मागे लागले. अभंग, भजन आणि कीर्तन ही मराठी वाट त्यांनी सोडली नाही, म्हणून आज आमच्या टिनाच्या शेडमध्ये टाळ वाजतात. म्हणजे पाचारण पाळणाऱ्याला जातीकडूनही आणि मंडळीकडूनही अडवले जाते, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. शारदासदनात मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवला जातो असा गदारोळ १८९३ साली झाला, तेव्हा रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावत नाही, पण माझी स्वतःची प्रार्थना दार लावूनही करणार नाही. त्यात पालकांची बाजू अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. लहान, निराधार मुलींच्या बाबतीत उघडे दारसुद्धा मोठे आकर्षण असू शकते, आणि आजही लहान मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय आम्ही रविवारच्या शाळेत बसवत नाही त्यामागे हीच जाणीव आहे. पण त्याच बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन, जेथे कोणी विचारायला नव्हते तेथून उपाशी मुली उचलून नेल्या आणि त्यांना जगवले. ज्या इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेथील वाँटेजच्या मठातील भगिनींशीही त्यांचा मतभेद झाला, कारण सांगितले तसे मानायला त्या तयार नव्हत्या. मराठी माणसाला हे चित्र परके वाटू नये. संन्याशाची मुले म्हणून ज्या भावंडांना वाळीत टाकले गेले आणि ज्या वाण्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्यांचीच वाणी आपण घरोघर म्हणतो. चक्रधरांचा मार्ग तर आपल्या रिद्धपूरच्या मातीतला, आणि त्याच्या अनुयायांनीही शतकानुशतके कमी सोसले नाही.

आता कायद्याकडे जाण्याविषयी. आमच्यातील काही भाबडे लोक म्हणतात की तक्रार केली तर विश्वास उणा पडतो, दुसरा गाल पुढे करावा. मला हे मान्य नाही. फिलिप्पैत पौलाला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप निघून जायला सांगितले, तेव्हा पौलाने जायला नकार दिला; आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे तो म्हणाला. हा सूड नव्हे, त्या शहरात मागे राहणाऱ्या लहानशा मंडळीसाठी घातलेले कुंपण होते. उपासनेसाठी कायदेशीरपणे जमलेल्या सभेत मुद्दाम अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जातीने किंवा समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. बहिष्काराविरुद्ध असा खास कायदा आपल्या राज्याने केला, याचा मला अभिमान वाटतो. तरी चक्कीच्या बाबतीत आम्ही ठाण्यात गेलो नाही. दळण शेजारच्या गावी नेऊ लागलो, आणि पुढे चक्कीवाल्याने आपण होऊन डबे परत घ्यायला सुरुवात केली. कोणत्या वेळी सोसायचे आणि कोणत्या वेळी अर्ज द्यायचा, याचे मी एकच माप ठेवले आहे. त्रास माझा असेल तर सोसतो. माझ्यावर विसंबलेल्या एखाद्या विधवेचा किंवा लेकराचा असेल तर अर्ज देतो.

त्या मापाने पाहिले तर एका गोष्टीत गप्प बसणे शक्य नाही, ती म्हणजे दफनभूमी. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर भागातील एका पाळकाचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूचा, मृत्यू २०२५ च्या जानेवारीत झाला. गावात दफनाला विरोध झाल्याने देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला आणि मुलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तेथे दोन न्यायमूर्तींची मतेही वेगळी पडली: एकांच्या मते कुटुंबाच्या शेतात दफनाला परवानगी द्यावी, दुसऱ्यांच्या मते ते नेमून दिलेल्या ठिकाणीच व्हावे. अखेर देह अधिक ताटकळू नये म्हणून गावापासून कित्येक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत तो विधी उरकण्याचा आदेश निघाला. विदर्भातील कितीतरी गावांत जेथे ख्रिस्ती घरे मोजकी आहेत तेथे हा प्रश्न दडून बसलेला आहे. कोणी वारले नाही तोवर तो दिसत नाही, आणि वारल्यावर विचार करायला वेळ नसतो. ग्रामपंचायतीने आणि तहसील कार्यालयाने शांततेच्या काळातच गावठाणालगतचे दोन-चार गुंठे ठरवून सातबाऱ्यावर तशी नोंद करून दिली, तर उद्याचे भांडण आजच मिटेल. आम्ही असा अर्ज दिलेला आहे, तो कोणत्या टेबलावर आहे ते मला ठाऊक नाही.

जातीच्या दाखल्याचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा देतो, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा दर्जा जातो. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. हा प्रश्न तपासण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. याचा परिणाम असा की अनेक जण रविवारी आमच्यात बसतात आणि कागदावर जुन्याच धर्माचे राहतात. ज्याच्या पोरीची परिचर्या अभ्यासक्रमाची जागा त्या दाखल्यावर अवलंबून आहे, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु बाप्तिस्मा मागणाऱ्याला आधी ही किंमत स्पष्ट न सांगणारा पाळक मात्र दोषी आहे, असे माझे ठाम मत आहे. मी सांगतो, आणि सांगितल्यावर काही जण विचार करायला घरी जातात व परत येत नाहीत. त्यामुळे आमची संख्या वाढत नाही. ज्यांना आमच्या संख्येची भीती वाटते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. ग्रामीण वार्ताहरांकडून येणाऱ्या बातम्यांना 'धर्मांतराचा डाव उधळला' असे मथळे दिले जातात, आणि त्या बातमीत पुष्कळदा गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला गेला, तो नोंदला गेला की नाही, प्रलोभन दिल्याची तक्रार प्रत्यक्ष कोणी केली आणि ज्यांच्या घरात सभा होती त्यांचे म्हणणे काय, यांपैकी काहीच नसते. मथळा गावात पोचतो आणि पुढे प्रकरण निकालात निघाले तरी त्याची ओळसुद्धा छापून येत नाही. आपण वार्ताहरांना एवढी सूचना द्यावी की अशी बातमी पाठवताना पोलीस ठाण्याची नोंद पाहावी, दोन्ही बाजूंशी बोलावे आणि प्रकरणाचा शेवट काय झाला तेही कळवावे. आमच्यातील कोणी पैशाचे, धान्याचे किंवा आजार बरा करण्याचे आमिष दाखवल्याचे सिद्ध झाले, तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे. त्याबद्दल माझी तक्रार असणार नाही.

माझे नाव व पूर्ण पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे. तो छापू नये अशी विनंती आहे. गावात मी कोण ते सर्वांना ठाऊकच आहे, पण पत्रात ज्यांच्या घरांचा उल्लेख आला आहे ती माणसे दूरच्या वाचकांना ओळखू येऊ नयेत, एवढ्यासाठी.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ